ठिपक्याला ठिपका

आमच्या टेक्ससमधल्या अर्विंगमध्ये कुत्री पाळणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांची सगळी गोंडस कुत्री. कुरळ्या केसांची, सोफ्यावर लोळणारी. माझी कुत्री बघितली की पॉटलकला आपापला डबा घेऊन आलेल्या काकू ओढणी सावरत मागे सरायच्या. "अगं बाई! हे काय गं, तरस की काय?" तरस नव्हे हो काकू, 'लेपर्ड कर' जातीची कुत्री आहे. राखाडी अंगावर काळे ठिपके, एक डोळा तपकिरी, एक निळा. बिबट्यासारखे ठिपके म्हणून लेपर्ड. आणि रानडुकराच्या शिकारीची जात. एवढं सांगितलं की काकू थेट किचनमध्ये.

नागपूरच्या, दिवसभर सॉफ्टवेअर टेस्ट करणाऱ्या बाईला हे खूळ कुठून लागलं, असं सगळे विचारतात. लागलं बुवा! ऑफिसातला एक जण मला एकदा गंमत म्हणून ईस्ट टेक्ससमधल्या एका म्हाताऱ्याच्या रांचवर घेऊन गेला. म्हाताऱ्याचं गवताचं रान डुकरांनी असं उकरलं होतं की कुणी नांगर फिरवलाय असं वाटावं. आजोळी धानाच्या बांधीत डुकरं शिरली की काय होतं ते मी लहानपणी बघितलंय, त्यामुळे मला कुणी समजावायची गरज पडली नाही. सकाळी उजाडता उजाडता त्याने कुत्री सोडली. थोड्या वेळाने ओढ्याकडून भुंकणं ऐकू आलं. जाऊन बघते तर हा थोरला डुक्कर, सुळे बाहेर, आणि भोवती तीन कुत्री. कुणी चावत नाही. नुसतं तोंडासमोर भुंकायचं, तो धावून आला की मागे सरायचं, वळला की परत पुढे. माणूस पोचेपर्यंत त्याला जागेवर डांबून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. जे कुत्रं जोशात जाऊन चावतं ते लवकर मरतं, म्हातारा म्हणाला. मला ते फार पटलं. मी स्वतः चावणाऱ्यातली, म्हणून असेल.

वर्षभर मी शनिवार-रविवारी त्याच्याकडे जात राहिले. पिंजरे धुतले, कुत्र्यांच्या जखमांना औषधं लावली. मग एक दिवस त्याने एक पिल्लू माझ्या हातात दिलं. विकत नाही, असंच दिलं. अट एकच. ठिपकेवालीला ठिपकेवाला नर दाखवायचा नाही, एकरंगीच दाखवायचा. कारण आई-बाप दोघंही ठिपक्यांचे असले तर काही पिल्लं पांढरी निघतात, आणि ती बहुतेक बहिरी असतात, कधी आंधळीसुद्धा. बहिरं कुत्रं डुकरापुढे गेलं तर काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. "हे मोडलंस तर कुत्री परत माझी," तो म्हणाला. मी हातात हात देऊन हो म्हटलं. कागद नाही, काही नाही.

मी तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. तीन वर्षांत बाई अशी तयार झाली की म्हातारा स्वतःची कुत्री मागे ठेवून आधी तिला सोडायचा. घरी मात्र माझ्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय झोपायची नाही. नवरा म्हणायचा, "माझ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकतेस." खरंच होतं ते.

आता भावाविषयी. सख्खा नव्हे, मानलेला. पुण्याचा, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा, सॉफ्टवेअरवालाच. त्याला बहीण नाही, मला भाऊ नाही. पहिल्याच दिवाळीत तो म्हणाला, "ताई, मला कुणी ओवाळत नाही यार." झालं! त्या भाऊबीजेपासून मी दरवर्षी त्याला पाटावर बसवून ओवाळलं. माझी मुलगी त्याला मामा म्हणते. माझ्या नादाने त्यालाही शिकारीच्या कुत्र्यांचं वेड लागलं आणि त्याने ओक्लाहोमाहून एक नर आणला. दिसायला देखणा, अंगभर ठिपके. भावाला मी म्हाताऱ्याकडे घेऊन गेले तेव्हा अंगणात उभी राहून ओळख करून दिली, "धिस इज माय ब्रदर." दुसरं काय सांगणार? मानलेला भाऊ हे इंग्रजीत कसं म्हणतात, आजही मला माहीत नाही. म्हाताऱ्याने टोपी काढून त्याच्याशी हात मिळवला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बाबांचं ऑपरेशन निघालं आणि मी नागपूरला गेले. तिथूनच रिमोट काम करत उन्हाळाभर राहिले. नवरा सारखा दौऱ्यावर, म्हणून बाईला भावाकडे ठेवलं. "माहेरपणाला आलीय भाची," तो हसत म्हणाला. मला किती बरं वाटलं तेव्हा! मी त्याला बजावून सांगितलं होतं. बाई मध्येच माजावर येईल, तुझा नर लांब ठेव, म्हाताऱ्याला मी शब्द दिलाय. "ताई, मी काय लहान आहे का? तू बिनधास्त जा."

दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचे. तो फोन तिच्या तोंडाजवळ धरायचा, मी "बाई गं, ए बाई" म्हणायचे आणि ती कान टवकारायची. तो नेहमी तिचं तोंडच दाखवायचा. मला तेव्हा काही खटकलं नाही. आपल्या माणसावर कोण संशय घेतं?

सप्टेंबरमध्ये परत आले ती एअरपोर्टवरून घरी बॅगा टाकून सरळ त्याच्याकडे. बाई अंगावर झेपावली, मी खाली बसून तिला कवेत घेतलं आणि पोटावरून हात फिरवला. थानं लोंबत होती. पोट सैल पडलेलं. अहो, मी दोन बाळंतपणं केलेली बाई, मला बाळंतीण ओळखता येत नाही होय?

"हे काय आहे?" मी विचारलं.

"फॉल्स प्रेग्नन्सी झाली होती गं. व्हेट म्हणाला, होतं असं कधीकधी."

"कुठल्या व्हेटने सांगितलं? फोन लाव त्याला."

फोन लावला नाही. जरा वेळ नर कुंपणावरून उडी मारून आला, चुकून झालं, असं चाललं होतं. मग माझा आवाज चढला तसं खरं बाहेर आलं. नर त्यानेच आणून सोडला होता. पिल्लं झाली, आठ आठवड्यांची झाली, आणि मी यायच्या आदल्या आठवड्यात सगळी विकली गेली. फोटो बघून लोक वेडे झाले म्हणे, निळे डोळे, ठिपके. त्याला पिल्लं विकायला आपलं स्वतःचं केनेल काढायचं होतं आणि सुरुवात माझ्या बाईपासून करायची होती. कारण बाईचं नाव म्हाताऱ्यामुळे झालेलं.

"पांढरी किती निघाली?"

तो खाली वाकून बाईला थोपटायला लागला.

"मी विचारतेय, पांढरी किती?"

"एक जन्मतःच गेलं. एक होतं, पण त्याच्या डोक्यावर ठिपके होते ताई, एकदम हेल्दी होतं. दिलं मी."

"ऐकू येत होतं त्याला?"

"एवढं कोण बघतं?" आणि मग, वातावरण हलकं करायला म्हणून की काय, हसून म्हणाला, "अगं, भाची मामाच्या घरी सून झाली, आपल्यात चालतं की!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मेल्या, आमच्यात मामाची मुलगी करतात, भाचीला सून करत नाहीत! रीत तरी नीट माहीत करून घे!" आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. एवढा विश्वासघात झालेला आणि मी नातेसंबंधांचे नियम सांगत उभी होते. पण खरं सांगते, त्या क्षणी मला तेच सगळ्यात जास्त झोंबलं. त्याने मामा हा शब्दसुद्धा गंमत म्हणून वापरला. मी ज्याला पाटावर बसवलं तो माणूस माझ्या पाठीमागे माझ्याच शब्दाचा चोथा करत होता आणि वर विनोद करत होता. मी बाईचा पट्टा धरला आणि निघाले. घरी आल्यावर ती घरभर हुंगत फिरली, कपाटांच्या मागे, पलंगाखाली. पिल्लं शोधत होती. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

म्हाताऱ्याला सांगायचं कसं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तोच त्याचा फोन आला. पांढरं पिल्लू ज्याने घेतलं होतं त्याने ते दाखवायला एका जुन्या शिकाऱ्याकडे नेलं. त्या शिकाऱ्याने पिल्लाच्या मागे उभं राहून टाळी वाजवली, पातेलं बडवलं. पिल्लाने वळून पाहिलं नाही. आई कुठली विचारल्यावर म्हाताऱ्याचं नाव निघालं.

मी सगळं सांगितलं. मी इथे नव्हते, मला न विचारता केलं, मला फसवलं.  तो म्हणाला की एप्रिलमध्ये तुझ्या भावाचा फोन आला होता. बहिणीचा होकार आहे, काळा एकरंगी नर दाखवतोय, असं म्हणाला. तू वडिलांपाशी आहेस हे मला माहीत होतं, म्हणून तुला त्रास दिला नाही.

म्हणजे मला विचारलं नाही एवढंच नव्हे. त्याने माझ्याच तोंडी खोटं घातलं होतं.

"तो माझा भाऊ नाहीये," मी म्हटलं.

"माझ्या अंगणात उभी राहून तूच तसं सांगितलंस."

मी समजावायला लागले. आमच्याकडे अशी पद्धत असते, रक्ताचं नातं नसतं, ओवाळतात, मानतात. जितकं बोलत गेले तितकं ते मलाच लंगडं वाटायला लागलं. नसलेल्या भावाला भाऊ म्हणणारी बाई, तिच्या बाकीच्या शब्दांवर त्याने का विश्वास ठेवावा? तो चिडला असता तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण तो चिडलाच नाही. फक्त म्हणाला, "शनिवारी येतो."

नवरा म्हणाला, नाही म्हण, कागद कुठे आहे? मुलगी म्हणाली, "आई, जस्ट से नो." कागद नव्हता हे खरंच होतं. पण मग माझ्यात आणि त्या भावात फरक काय राहिला असता?

शनिवारी सकाळी म्हाताऱ्याचा ट्रक रस्त्यावर वळला आणि त्याचा आवाज ओळखून बाई वेडीपिशी झाली. दारावर नखं मारते काय, गोल गोल फिरते काय! मी दार उघडलं. म्हाताऱ्याने मागचा पिंजरा उघडला आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने स्वतःच आत उडी मारली. तिला वाटलं शिकारीला चाललोय. मी पट्टा काढून म्हाताऱ्याच्या हातात दिला. तो माझ्या खांद्याला हात लावून पुढे जाऊन बसला.

बाई जाळीला नाक लावून उभी होती, शेपटी हलवत. मी पुढच्या सीटवर कधी चढते, याची वाट बघत.