अठरा फुटांतला ट्रक

"काका, बाबा गेले," विश्रामची मुलगी सुजाता फोनवर म्हणाली. मग थोडं थांबून, "...ब्रेकचं काम राहिलंय." दुपारची वेळ होती, असल्फ्याच्या वर्कशॉपमध्ये मी लेथवर उभा होतो. मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसलो. रडू आलं नाही. डोक्यात पहिला आला तो आमच्या विश्रामच्या सोसायटीचा सेक्रेटरी. तो आहे आणि विश्राम नाही... दोन महिने उलटले, तरी तो विचार जात नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही.

विश्राम आणि मी आयटीआयपासूनचे दोस्त. मी मानखुर्दचा, तो वाकोल्याचा, मूळचा मालवणकडचा. त्याचे वडील, म्हणजे तात्या, दिंडोशीच्या खाणीतली खडी लांब नाकाच्या ट्रकमधून वाहायचे. खाण बंद झाली, तात्या थकले, पण ट्रक चाळीच्या मागे उभाच राहिला. रोज सकाळी ते त्याचं बोनेट पुसायचे आणि मगच चहा घ्यायचे. ते वारले तेव्हा विश्राम दिवसकार्यासाठी गावी गेला. परतला तर मागच्या जागेत ऑइलचे डाग तेवढे होते. ह्याच सेक्रेटरीने गॅसकटर लावून ट्रकचे तुकडे केले होते आणि भंगारात धाडले होते. विश्राम विचारायला गेला तेव्हा मी सोबत होतो. "बिल्डरची माणसं जागा बघायला येणार होती," सेक्रेटरी म्हणाला, "म्हणून घाण साफ करून घेतली."

घाण. जिना उतरताना विश्रामने माझा खांदा धरला, एवढंच.

चाळ पाडून इमारत उभी राहिली. एका रविवारी त्याचा फोन आला, "गौतम, टेप घेऊन ये." त्याला मिळालेली पार्किंगची जागा पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरीच्या खिडकीखाली होती. आम्ही मोजली. लांबी अठरा फूट, रुंदी आठ. "ट्रक परत बांधूचो आसा," तो म्हणाला. रागावला की त्याच्या तोंडी मालवणी यायची. "खिडकी उघडल्यार त्येका रोज ह्योच दिसाक व्हयो."

"अरे, तात्यांचा ट्रक बावीस फुटांचा होता," मी म्हणालो.

"मागचा हौदा चार फूट कापायचा. नाक नाही कापायचं. आणि एक इंच बाहेर येता कामा नये. तक्रार करायला त्याला जागाच ठेवायची नाही."

मग मानखुर्दला माझ्या भावाची शेड घेतली. विश्रामने तिथल्या लादीवर खडूने पूर्ण मापाचा ट्रक काढला आणि त्या रेघांवर एकेक पार्ट आणून ठेवायला सुरुवात केली. कुर्ल्याच्या भंगारातून बोनेट आलं, पाण्याच्या जुन्या टँकरचं इंजिन आलं, चासी तिसऱ्याच गाडीची. एकाचं दुसऱ्याला बसायचं नाही. मधल्या पिना, बुश, पट्ट्या मी लेथवर काढून द्यायचो. सात वर्षं. मधे त्याची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी एकदा बोललो, "सोड ना यार. तो माणूस म्हातारा झाला."

"तात्या पण म्हातारेच होते," तो म्हणाला आणि स्प्रिंगच्या पात्यांना ग्रीस लावत राहिला. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

इंजिन चालू झालेलं त्याने ऐकलं. ट्रक जागेवर लागलेला मात्र त्याला बघायला मिळाला नाही.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सेक्रेटरी माइकसमोर उभा राहून म्हणाला, "विश्रामभाऊंचा कधी कुणाशी वाद नव्हता." मी खुर्चीतून उठलोच होतो. सुजाताने मनगट धरलं. "आत्ता नको, काका. आधी ब्रेक."

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी ब्रेकची लाइन टाकली, दरवाजे बसवले. असा जुळवलेला ट्रक रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून दुसऱ्या मोठ्या गाडीवर चढवून आणला. उतरवताना सगळी इमारत गॅलऱ्यांत उभी होती. सेक्रेटरी खाली आला. सोबत वॉचमन, हातात नियमांची फाइल. "माप घ्या," सुजाता म्हणाली. वॉचमनने घेतलं. मागे दोन इंच जागा उरत होती.

सेक्रेटरीने फाइल मिटली. बोनेटकडे बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तेव्हा... माझ्या लक्षात आलं नाही."

"आता येईल," मी म्हणालो. "रोज येईल."

वाचणाऱ्यांपैकी कुणाला वाटेल, तो वाकला होता, तिथे माफ करायला हवं होतं. तात्यांच्या वतीने माफ करायचा हक्क विश्रामला होता, त्याने तो वापरला नाही. मला तर तो हक्कच नाही. मी सेक्रेटरीचं नाव लिहिलेलं नाही. ज्याचं आहे तो पेपरची ही पुरवणी दर रविवारी वाचतो.

मीही रविवारीच जातो. इंजिन आठवड्यातून एकदा तरी चालवायला लागतं. सीट विश्रामने स्वतःच्या लांब पायांच्या हिशेबाने मागे ठोकून ठेवली आहे. माझा पाय क्लचपर्यंत पोचत नाही. सुजाता म्हणते, "काका, चार बोल्ट काढले की पुढे येईल." मी नको म्हणतो. सीटच्या अगदी पुढच्या कडेला सरकून बसतो, स्टार्टर मारतो. अख्खी केबिन थरथरते, वर कुणीतरी खडकन खिडकी लावून घेतं... आणि माझ्या पाठीमागे, त्या सीटवर, अजून एका माणसाची जागा रिकामी असते.