जादूगारणीचा उंदीर

फणसवाडीतल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी रविवारी दुपारी आम्ही चौघं खेळायला बसायचो. ती गोष्ट सांगणार, आम्ही त्या गोष्टीतली पात्रं होणार, आणि पात्रांचं काय होतं ते फासे ठरवणार. तिचा नवरा तलवारबाज, दीर चोर, मी जादूगारीण. पन्नाशीला टेकलेल्या बाईचा हा काय पोरखेळ, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका निस्तरण्यापेक्षा हे बरं.

या खेळात जादूगाराला एक सोबती प्राणी मिळतो. लोक घुबड घेतात, ससाणा घेतात. मी उंदीर घेतला. लालबागला आमच्या शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात कान तुटलेला एक शाडूचा उंदीर उरला होता, तो मला आवडला होता. आई म्हणाली, "उंदीर पाळतस? घरात कमी आसत काय?" आणि मी तो पटावर ठेवला तेव्हा मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "वाहन आणलंस, देव कुठाय?" सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

पण थोड्याच दिवसांत उंदरावाचून त्यांचं पान हलेना. दाराखालच्या फटीतून तो आत शिरायचा आणि पलीकडे कोण दबा धरून बसलंय ते मी त्याच्या डोळ्यांनी बघून सांगायची. त्यात एकच मेख होती. तेवढा वेळ जादूगारणीचे स्वतःचे डोळे-कान बंद राहतात. तिच्या शेजारी काय शिजतंय ते तिला कळत नाही. नियमच आहे तसा.

आमची वादावादी व्हायची ती एकाच गोष्टीवरून. मी उंदराला मरायला पाठवत नसे. मेलेला सोबती मंत्र म्हणून परत बोलावता येतो, म्हणून दीर कुरकुरायचा, "ताई, सोड ना त्याला पुढे. मेला तर मेला."

"मग तूच जा की," मी म्हणायची.

कुणी आलं नाही तर मैत्रीण त्याच्या जागी सुपारी मांडायची, पूजेला जोडीदार नसला की मांडतात तशी, आणि त्याचं पात्र स्वतः सांभाळायची. आईच्या आजारपणात माझीही सुपारी बसली. "तुझी सुपारी तुझ्यापेक्षा शहाणी आहे गं, पण मजा नाही येत," असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मला भरून आलं होतं.

दिवाळीनंतर ती म्हणाली, "सध्या बंदच ठेवू या. कुणालाच वेळ होत नाही." मला ते खरं वाटलं. उंदीर तिच्याच शोकेसमध्ये राहिला.

परवाच्या रविवारी तिचा फराळाचा डबा द्यायला मी न कळवता गेले. रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात नारळाच्या वड्या भरल्या होत्या. दार उघडंच होतं. पट मांडलेला, नवरा आणि दीर आपापल्या जागी, आणि माझ्या खुर्चीत नवऱ्याच्या ऑफिसातले कुणी गृहस्थ. माझा उंदीर त्यांच्यापुढे.

"उंदराला पाठवतो पुढे," ते म्हणत होते. "मेला तर मेला."

मैत्रिणीनं वर पाहिलं. "अगं, सांगणारच होते तुला. तू फार अडून बसतेस, खेळ पुढेच सरकत नाही. उंदीर मात्र लागतो गं."

इतका संताप आला की तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं, आणि त्या परक्या माणसासमोर मला शोभा करून घ्यायची नव्हती. मी डबा टेबलावर ठेवला आणि उंदीर उचलला.

"आजचा डाव होऊ दे ना," ती म्हणाली. "मग ने."

मी बाहेर येऊन चपला घालायला लागले. एक पट्टा काही केल्या लागेना. आतून दीर विचारत होता, "आता दाराखालून कोण जाणार?"

"थांब रे," मैत्रीण म्हणाली, "उंदराच्या जागी सुपारी ठेवते."

माझ्या जागी तिनं तेवढीही ठेवली नव्हती.