दुपारची झोपमोड

शर्वरीला झोप लागली आहे असं म्हणवत नाही, आणि ती जागी आहे असंही नाही. नववा महिना लागल्यापासून झोप तिच्याकडे अशीच येते, चप्पल काढावी की दारातूनच परत फिरावं अशा विचारात पडलेल्या पाहुण्यासारखी. ती डाव्या कुशीवर निजली आहे. दोन गुडघ्यांमध्ये उशी, डोक्यावर पंखा, पडदा ओढलेला. पलंगाशेजारी हॉस्पिटलात न्यायची बॅग अर्धीच भरून उघडी पडली आहे. तिच्यात दुपटी आहेत, टोपडी आहेत, आणि पुढे काय भरायचं ते सांगायला घरात कुणी नाही.

उद्या सकाळी हॉस्पिटलात जायचं आहे. बाळंत व्हायला नव्हे, नुसतं बघायला. दिवस भरत आलेल्या बायकांना ते आधीच बोलावतात आणि सगळं दाखवतात. कळा सुरू झाल्या की कुठल्या दाराने यायचं, प्रसूतीची खोली कुठली, बाळाला कुठे ठेवतात. चांगली पद्धत आहे. अडचण एकच. सोबत कुणीतरी आणायचं, आणि जी व्यक्ती उद्या येईल तिलाच पुढे आत, शर्वरीच्या उशाशी, उभं राहू देणार.

परवा फोनवर तिथल्या मुलीने विचारलं, "सोबत कोण येणार? नाव सांगा." शर्वरीने बेधडक सांगून टाकलं, "वसंत गजानन भोसेकर." शाळेपासून लग्नापर्यंत कुणीही हा प्रश्न केला की ती हेच नाव सांगत आली होती, जिभेला तेच वळण पडलेलं. पलीकडची मुलगी जरा थांबली. मग म्हणाली, "मॅडम, आत फक्त लेडीज चालतात." नाना, म्हणजे तिचे वडील, वारले आहेत हे सांगणं शर्वरीच्याने झालंच नाही. "बघते," म्हणून तिने फोन ठेवला.

बघणार काय, कपाळ? आई तिच्या लहानपणीच गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर माहेर म्हणजे कराडचे एकटे नाना, आणि गेल्या वर्षापासून त्या घराला कुलूप आहे. नवरा हर्षद तिकडे अरुणाचलात बोगद्याच्या कामावर. रजा मिळेल तेव्हा येईल, आणि आला तरी बाहेरच्या बाकावर बसेल. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनमधून स्वतःच अजून उठल्या नाहीत. राहता राहिल्या समोरच्या दाराच्या पाटोळेकाकू. कोल्हापुरात राहायला आल्यापासून त्या जिन्यात भेटतात, "बरं हाय न्हवं?" विचारतात, शर्वरी "हो" म्हणते आणि आपलं दार लावून घेते. अशा बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं, की मला कळा सुरू झाल्या की माझा हात धरा म्हणून? कुणाला त्रास द्यायचा नाही, हे नानांनी दिलेलं बाळकडू. घरातली साखर संपली तर नाना बिनसाखरेचा चहा प्यायचे, पण शेजारी वाटी घेऊन जायचे नाहीत.

ती डोळे मिटते. पंख्याचा आवाज मोठा होत जातो आणि हळूहळू तो पंख्याचा राहत नाही, स्कूटरचा होतो.

"चल," नाना म्हणतात. "नंबर बघून येऊ."

ते पलंगाच्या पायथ्याशी स्कूटरवर बसले आहेत, एक पाय फरशीवर टेकवून. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, खिशाला पेन. शर्वरीला नवल वाटत नाही. प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी ते तिला असेच न्यायचे. आपला नंबर कुठल्या वर्गात आलाय, बाक खिडकीशी आहे की दाराशी, पाण्याचा नळ कुठे, सगळं डोळ्यांखालून घालायचं आणि घरी येऊन निवांत झोपायचं.

"उद्या पेपर नाही, नाना. हॉस्पिटल आहे."

"तेच ते. जागा बघितली की निम्मी भीती मोडते."

ती पोट सांभाळत मागे बसते. स्कूटर कपाटाला वळसा घालते आणि कराडच्या शाळेच्या मैदानात येते. नानांच्या मानेला त्यांच्या तेलाचा वास येतो आहे. तिला वाटतं, हे मैदान संपूच नये.

पण व्हरांडा येतो. नुकतीच फरशी पुसली आहे, फिनेलचा वास आहे. वर्गात बाकांच्या जागी लोखंडी खाटा आहेत आणि प्रत्येक खाटेवर खडूने नंबर घातला आहे. प्रत्येक खाटेवर एक बाई आहे, तिच्या उशाशी दुसरी बाई. एक आपल्या लेकीच्या दोन घट्ट वेण्या घालते आहे. एक कुणाची तरी कंबर चोळते आहे. एक नुसतीच जांभया देत उभी आहे, पण उभी आहे. शर्वरी आपला नंबर शोधत जाते. तो अगदी शेवटच्या खाटेवर निघतो. तिच्या उशाशी नुसती भिंत आहे.

ती मागे वळते. नाना दाराबाहेरच थांबले आहेत.

"आत या ना."

"मला इथपर्यंतच येता येतं."

"मग बाहेर थांबा. पेपर सुटेपर्यंत थांबायचात तसे. मला तेवढं पुरे."

"पुरायचं नाही गं," नाना म्हणतात. "ह्या पेपराला तेवढं पुरत नाही."

तिला एकदम इतकं एकटं वाटतं की छातीत कळ येते. ती नानांकडे जायला दाराबाहेर पाऊल टाकते, तर व्हरांडा नाही. कराडच्या घराची मधली खोली आहे. दुपार आहे, खिडक्या लोटलेल्या. बाहेर एक रिक्षासुद्धा वाजत नाही. नाना कॉटवर बसले आहेत आणि त्यांचा हात छातीवर आहे. दाराला आतून कडी आहे.

ही दुपार शर्वरीने पाहिलेली नाही, तिला ती लोकांनी सांगितली आहे. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने दार वाजवलं, उघडेना म्हणून माणसं जमली, तोवर नाना जाऊन बराच वेळ झाला होता. डॉक्टर म्हणाले, दुखणं बराच वेळ चाललं असणार. त्या बऱ्याच वेळात त्यांनी काय केलं, हे विचारायला वर्षभरात तिला माणूस भेटला नव्हता.

"खूप दुखत होतं?"

"होतं."

"भिंतीला भिंत लावून वाटवे राहतात, नाना. एक हाक मारायची."

नाना खजील होतात. स्वेटरचा निघालेला धागा बोटाला गुंडाळत राहतात.

"दुपारची वेळ होती," ते म्हणतात. "म्हटलं, लोकांची झोपमोड कशाला."

शर्वरी वर्षभर रडली आहे, पण तिला राग असा आज पहिल्यांदाच येतो. एवढ्या भल्या माणसाचा एवढा राग येऊ शकतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

"त्यांची झोप राहिली," ती म्हणते, "आणि माझं माहेर गेलं."

नाना मग हळूच म्हणतात, "दाराकडे बघत होतो मी. वाटत होतं, कुणीतरी येईल. पण कडी मीच घातलेली. येणार कोण, आणि कसं?" थोड्या वेळाने तिच्याकडे वर बघून विचारतात, "तुझ्या समोर कोण राहतं?"

"पाटोळेकाकू."

"मार हाक."

"आत्ता? अहो, दुपार आहे. झोपल्या असतील त्या."

नाना नुसते तिच्याकडे बघतात. आपण काय बोललो ते शर्वरीला ऐकू येतं.

"उठतील की," नाना म्हणतात. "झोपलेली माणसं उठतात."

ती तोंड उघडते, आवाज फुटत नाही. पुन्हा प्रयत्न करते, तोंडातून नुसती हवा निघते. नाना उठून तिच्या पाठीवर हात ठेवतात. त्यांचा तळवा गरम आहे. खोलीच्या भिंती खडूने पांढऱ्या होत चालल्या आहेत, कॉट लोखंडी झाली आहे, आणि तिच्या उशाशी अजून कुणी नाही.

"मला जमलं नाही," नाना तिच्या कानाशी म्हणतात. "तू मार. मोठ्याने."

पोटात बाळ फिरतं. शर्वरी पोट धरते आणि सगळा जीव एकवटून ओरडते, "काकू. पाटोळेकाकू."

पंखा फिरतो आहे. पडदा तसाच ओढलेला, बॅग तशीच उघडी. पलंगाच्या पायथ्याशी कुणी नाही. तिला हे आधीच माहीत होतं, तरी ती तिकडे बघते आणि बघून तिचे डोळे भरून येतात. घसा खरवडून निघाल्यासारखा दुखतो आहे. तेवढ्यात दाराची बेल वाजते, लगेच पुन्हा वाजते, मग कुणीतरी हातानेच दार थापटू लागतं.

शर्वरी भिंतीला धरत उठते आणि दार उघडते.

पाटोळेकाकू उभ्या आहेत. केस सुटलेले, पदर कसातरी खोचलेला, पायात चपला नाहीत. "काय झालं गं?" त्या धापा टाकत विचारतात. "केवढ्यांदा हाक मारलीस. दुखाय लागलं काय?"

काही नाही काकू, स्वप्न पडलं, तुम्ही जाऊन निजा. हे वाक्य शर्वरीच्या ओठांवर तयार असतं. आयुष्यभर तयारच असतं ते.

"तुमची झोपमोड झाली," ती म्हणते.

"झाली की. मग?"

शर्वरी चौकट घट्ट धरते. "काकू, उद्या सकाळी माझ्याबरोबर हॉस्पिटलात याल? वॉर्ड बघायचाय. आणि नंतर... वेळ आली की आत, माझ्याजवळ, थांबावं लागेल. मला दुसरं कुणी नाही."

काकू हात वर करून सुटलेल्या केसांची गाठ मारतात.

"मी आपली समजत होते, माहेरचं कोण तरी येणार असंल तुझ्या," त्या म्हणतात. "म्हणून मी होऊन काय विचारलं न्हाई. सरक जरा, आत येऊ दे. पाणी पी आधी."

शर्वरी बाजूला होते. काकू तिचा दंड धरून तिला खुर्चीवर बसवतात, स्वयंपाकघरातून भांडं भरून आणतात आणि ती पाणी पिते तोवर समोर उभ्या राहतात. त्यांच्या डाव्या गालावर चटईचे वळ उमटले आहेत, चांगले खोल, आणि ते अजून गेलेले नाहीत.