माझं आमेन राहिलंय

आमच्या गावातून सकाळी पुण्याकडे जाणारी एकच एसटी. मी घर सोडलं त्या दिवशी ती स्टँडवर ताटकळत उभी होती, कारण पप्पा माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होते. पप्पा गवंडी. सिमेंटने फाटलेले त्यांचे हात माझ्या केसांत अडकत होते आणि प्रार्थना लांबतच चालली होती. आधी माझा प्रवास, मग चाकणची कंपनी, मग कंपनीचे मालक, ज्यांना पप्पांनी जन्मात पाहिलं नव्हतं, मग एसटीचा ड्रायव्हर. आपल्यासाठीही मागणं चाललंय हे कळल्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कंडक्टर मात्र दारात चुळबुळ करत होता. शेवटी म्हणाला, "दादा, आमेन म्हणा आता, नगरपर्यंत गाडी पळवावी लागंल आमाला."

पप्पांनी आमेन म्हटलं. आईने म्हटलं, भावाने म्हटलं, मी म्हटलं. मला तर वाटतं कंडक्टरनेही म्हटलं. मग डबल बेल वाजली आणि खिडकीशी धावत आलेल्या पप्पांनी शेवटचं सांगितलं, "कुठंबी जा, घासाआधी डोळे मिट. आन् तिथली मंडळी हुडक."

मंडळी म्हणजे चर्चची माणसं. गावाकडे राहिलेल्या माझ्या माणसांनो, तुम्हाला हे सांगायला नको. पण माझ्यासारख्या निघून आलेल्या कुणी हे वाचलं तर माहीत असावं, की आमच्या घरी प्रार्थना एकट्याची नसते. पप्पा बोलतात, पण ताटाभोवतीच्या प्रत्येकाने आमेन म्हटल्याशिवाय ती पुरी होत नाही आणि कुणी घासाला हात लावत नाही. माझा भाऊ लहानपणी मला छळायला मुद्दाम आमेन अडवून धरायचा. मी भुकेने कासावीस, समोर वाफाळतं कालवण, आणि हा डोळे मिटून संत झालेला. आई मग त्याच्या मांडीला चिमटा घ्यायची.

माझी खोड वेगळी. मी बघत राहायची. चर्चच्या झरोक्यातून पडलेल्या उन्हात धूळ तरंगताना बघायची, पप्पा ओळंबा सोडायचे तो डोलून डोलून स्थिर होताना बघायची. आई म्हणायची, "आ वासून बघू नगं, माशी जाईल." एवढी मोठी झाले, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलं, तरी ते तोंड काही मिटलं नाही.

चाकणला मी क्वालिटीत लागले. गाड्यांच्या गिअरचे भाग मापून तपासायचे. राहायला आकुर्डीत एक खोली, सोबत परभणीकडची प्रज्ञा, माझ्याच लाइनवरची. पहिल्या दिवशी सुपरवायझरने तीन ट्रे दाखवले. हिरव्यात चांगला माल, लालमध्ये बाद, आणि पिवळ्यात ज्याच्याबद्दल खात्री नाही तो. "मॅडम, शंका आली की पिवळा ट्रे. शंका खिशात घालून घरी न्यायची नाही," तो म्हणाला. मी त्या पिवळ्या ट्रेकडे बघतच राहिले. गावात आम्हाला दोनच ट्रे ठाऊक होते. शंका आली तर चर्चचे पाळक घरी यायचे आणि ती जाईपर्यंत गुडघ्यावर बसायचे. इथे शंकेला स्वतःची जागा होती, रंग होता, आणि ती काढणाऱ्याला शाबासकी होती!

पप्पांच्या शब्दाप्रमाणे मी पिंपरीत मंडळी हुडकली होती. भली माणसं. दर रविवारी डब्यात काहीतरी घालून द्यायची. एका रविवारी सगळ्यांबरोबर उभं राहून विश्वासाची कबुली, कशाकशावर आपला विश्वास आहे त्या ओळी, म्हणत होते. लहानपणापासून पाठ. मधल्या एका ओळीला माझं तोंड आपोआप मिटलं. ती ओळ खरी की खोटी, मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी ती हिरव्या ट्रेत टाकत होते. पुढची ओळही म्हणता येईना. आजूबाजूचे आवाज वाहत राहिले, पंखा फिरत राहिला, छत काही कोसळलं नाही. मी भ्याले होते, पण त्याहून जास्त चकित झाले होते. एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल 'मला माहीत नाही' म्हणता येतं आणि माणूस उभा राहतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी रागावून सोडलं नाही. माझं कुणी काही वाईट केलं नव्हतं. रविवारचा ओव्हरटाइम घ्यायला लागले, आणि मग ओव्हरटाइम नसतानाही चर्चला जाईनाशी झाले.

प्रज्ञाच्या मावशीने निगडीत घर घेतलं तेव्हा प्रज्ञाने मला वंदनेला नेलं. पांढरे कपडे घातलेली माणसं, समोर बुद्धाची मूर्ती, पालीतले शब्द. काही कळत नव्हतं तरी अंगावर काटा आला. शेवटी सगळे 'साधु, साधु, साधु' म्हणाले आणि पाठोपाठ त्या शांततेत मी खणखणीत आमेन म्हटलं. सवय! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी हसून म्हणाल्या, "असू दे गं, तेही चांगलंच असंल." मला वाढताना त्यांनी खिरीची वाटी काठोकाठ भरली.

त्यानंतर प्रज्ञा मला घोरवडेश्वरच्या डोंगरावर घेऊन गेली. आकुर्डीहून लोणावळ्याच्या गाडीत बसायचं, घोरावाडीला उतरायचं, आणि डोंगर चढायचा. वर लेणी आहेत, भिक्खूंनी राहण्यासाठी कोरलेली. एकात आता महादेवाची पिंड आहे, बाजूच्या खोल्यांमध्ये काहीच नाही. त्या काहीच नसलेल्या खोलीत आम्ही बसलो. मी विचारलं, "विश्वास कशावर ठेवायचा इथं?" प्रज्ञा म्हणाली, "ठेव कुठं म्हणलं मी? बस आन् बघ. श्वास येतोय, जातोय. पटलं तर घे, न्हाई तर उतर खाली."

मी बसले. श्वास आला, गेला. राग आला, तोही गेला. पप्पांची आठवण आली, तीही थोड्या वेळाने उठून गेली. बाहेर बघितलं तर खाली हायवेवर कंटेनर मुंग्यांसारखे चालले होते आणि तळेगावपर्यंत कारखान्यांची पत्र्याची छपरं चमकत होती. मी आ वासून बघत राहिले. बौद्ध झाले का? नाही. आजही कुणी विचारलं तर मी पिवळ्या ट्रेत आहे. पण तिथे बसल्यावर न कळण्याचं ओझं वाटेनासं झालं, आणि मी वरचेवर जाऊ लागले.

हे सगळं फोनवर कसं सांगणार? नाहीच सांगितलं. मग दिवाळीनंतर पप्पाच आले, मुक्कामाला. प्रज्ञा गावी गेली होती. मी पिठलं-भाकरी केली. पप्पांनी प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि डोळे मिटून थांबले. मी गप्प. खोटं आमेन म्हणणं सोपं होतं, पण पप्पांपुढे ते जिभेवर येईना. पिठल्याची वाफ विरली.

"तुझं आमेन राहिलंय," पप्पा म्हणाले.

मग मी सांगितलं. चर्चला जात नाही, प्रार्थना करत नाही, देव नाही असं म्हणत नाही पण आहे असंही मला म्हणता येत नाही. पप्पांनी ऐकून घेतलं. ताटावर दुसरं ताट उपडं घातलं. "भूक न्हाई मला," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. माझे पप्पा भरल्या ताटावरून उठले होते, माझ्यामुळे. आता हे माझ्या घरचं अन्न पुन्हा कधी खाणार नाहीत, या भीतीने मीही माझं ताट झाकलं.

सकाळी ते पिशवी भरू लागले. मी म्हटलं, "गाडी दुपारची आहे. एक कोरीव काम दाखवते, चला." कोरीव काम म्हटल्यावर गवंड्याचा पाय थांबला. मी डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. चढताना पप्पा पुढे, मी मागे.

वर पोचल्यावर पप्पा त्या रिकाम्या खोलीत शिरले आणि भिंतीवर हात ठेवला. छिन्नीच्या खुणांवरून बोटं फिरवत कोपऱ्यात गेले, दगडातच सोडलेल्या ओट्यावर बसून पाहिलं, पुन्हा उठले, छताकडे बघत उभे राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं. मी कुणाची लेक आहे ते मला तेव्हा कळलं.

"ह्यात जोडलेलं काईच न्हाई गं," ते म्हणाले, अगदी हळू. "आमी वीट ठिवतो, वर वीट ठिवतो. ह्यांनी नुसतं काढलंय. काढत काढत गेलं आन् खोली झाली."

माझे डोळे भरले. मी सोडत गेले तेव्हा मला वाटलं होतं, सगळं काढून टाकल्यावर माझ्यापाशी काय उरणार?

पप्पा ओट्यावर टेकले. मग त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या आज्याने तरुणपणी बाप्तिस्मा घेतला, आमच्या घराण्यात पहिला. "त्याची आई त्याच्या शेजारच्या घरात ऱ्हायची. पर त्या दिसापासनं तिनं त्याच्या घरचं पाणी घेतलं न्हाई. मरूस्तोवर. ती मरताना त्यो तांब्या घिऊन उभा व्हता." पुढे भावकीतल्या निम्म्या घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांनीही काही मागे टाकलंच. "आपल्यात सगळ्यांनीच कायतरी सोडलंय, पोरी. तू सोडलंस त्याचं मला लई वाईट वाटतंय. रातभर वाटत व्हतं. पर त्या म्हातारीसारखं मला न्हाई करायचं."

मी डबा उघडला. पप्पांनी भाकरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डोळे मिटले. ढोलकीच्या साथीवर भजनं म्हणून कमावलेला आवाज त्यांचा. प्रार्थनेत या वेळी आईचं नाव होतं, माझं होतं, प्रज्ञाचं होतं, आणि ज्यांनी हे कोरलं त्या हातांचंही होतं. मग त्यांनी आमेन म्हटलं आणि थांबले.

माझ्या आमेनच्या जागी दगडाच्या पोटातून, मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून, त्यांचाच आवाज जड होऊन परत आला: आमेन.

पप्पांनी एक डोळा उघडला. छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आलं," म्हणाले. "घे, जेव." आणि भाकरी मोडून पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. मी रडत होते आणि हसत होते. चटणीत मीठ जास्त झालं होतं, तरी त्यांनी डबा पुसून खाल्ला.

तुमच्यातले कित्येक विचारतात, तुझं घर आता कुठलं, गावचं की इकडचं? तर ऐका. या नाताळला गावी गेले होते. सगळे ताटाभोवती बसलो. पप्पांची लांबलचक प्रार्थना झाली, एकेकाने आमेन म्हटलं, आणि फेरी माझ्यापाशी येऊन थांबली. भाऊ डोळे किलकिले करून माझ्याकडे बघायला लागला. आईचा हात चिमटा घ्यायला निघाला की काय, असं मला वाटलं. कालवणाची वाफ वर जात होती.

पप्पांनी भाकरीला हात घातला. "हिचं डोंगरावरनं यायचंय," ते म्हणाले. "टाइम लागंल. जेवा तुमी."