आईच्या बुटाची लेस कुणी बांधली?

या सदरातले अनुभव मी वाचते ते चुका काढायला. खोटं कशाला बोलू? पांढऱ्या साडीतली बाई दिसली असं कुणी लिहिलं की मी विचारते, चष्मा लावला होता का? रिक्षात बसलेली बाई गायब झाली की विचारते, रिक्षावाला किती तास झोपला नव्हता? कॉलेजपासून मी अंगात येणं, करणी, उतारे यांच्याविरुद्ध पत्रकं वाटत आलेय. जत्रेत वाटली, एसटी स्टँडवर वाटली, एकदा तर थेट एका भगताच्या हातात दिलं. त्याने शांतपणे घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "छपाई झ्याक हाय."

तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. पण शेवटपर्यंत वाचा, आणि उत्तर असेल तर कळवा. मी गंभीरपणे विचारतेय.

मी उलव्यात राहते. न्हावा शेव्याकडच्या एका गोदामात मालाची कागदपत्रं बघते. आमचं गाव पेणच्या खारेपाटात. भातशेती, खाडी आणि खाडीचं पाणी अडवणारे मातीचे बांध. आईला शुगर निघाली म्हणून गेल्या वर्षी मी तिला इकडे आणलं. गावात दिवसभर पायावर असणारी बाई... इथे चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून राहायला लागली. डॉक्टर म्हणाले, चालायला लावा. अहो, कुठे लावा? फूटपाथ कागदावर आहे! जिथे आहे तिथे ट्रेलर उभा, ट्रेलरखाली कुत्री, आणि कुत्र्यांपासून वाचलात तर उघडं गटार. शहर वसवलं म्हणे. माणसाच्या पायांसाठी यात जागा कुठे ठेवली, ते कुणीतरी मला दाखवावं.

एके दिवशी खाली धावणारी मंडळी बघून आई म्हणाली, "ही कुनाच्या मागं लागल्यात गो बाय?"

"कुणाच्या नाही. व्यायाम आहे तो. क्लब असतो त्यांचा."

"मंग मला पन जमल की. उधानाला बांध फुटला की आमी बाया टोपल्या घेऊन धावायचो. तवा कोन घड्याल लावीत व्हतं?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्याच संध्याकाळी बूट आणले. आईला वाकून लेस बांधता यायची नाही — जन्म चपलेत गेला, आणि आता गुडघे — म्हणून ते काम माझं. आणि आम्ही क्लब शोधायला लागलो.

पहिल्या क्लबने विचारलं, "पेस काय आहे? म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं?" दुसऱ्या क्लबच्या मॅडम आईच्या साडीकडे बघून गोड हसल्या. "काकूंसाठी वॉकिंग ग्रुप वेगळा आहे, गार्डनमध्ये." मी तिथल्या तिथे त्यांना समतेवर एक छोटं भाषण दिलं. आईने माझा दंड ओढून मला बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच माझा पंजाबी ड्रेस घालून उभी राहिली. तिसऱ्या क्लबने घेतलं. पण आम्ही दोघी शेवटाला पोचलो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. फोटो काढून, एकमेकांना टाळ्या देऊन सगळे घरी गेले होते. फोटो रिक्षात बसल्यावर ग्रुपवर आला. "फुल टीम!" असं लिहिलेला.

घरी आल्यावर आईने बूट माळ्यावर टाकले.

"भातलावनीला जी मागं ऱ्हाते ना, तिच्या बाजूची बाई आपला वाफा सोडून तिच्या वाफ्यात येते. तिला एकटीला टाकून कोन घरी जात न्हाय," ती म्हणाली. "हितं सगली शिकलेली ना?"

यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं.

चौथा क्लब मला अपघाताने सापडला. कंपूच म्हणा. फी नाही, टी-शर्ट नाही. चालवणारा नीलेशदादा बंदरात क्रेन चालवतो. ते खाडीच्या बांधावरून धावतात, कारण तिथे ट्रेलर चढू शकत नाही. त्यांचा एकच नियम आहे. दर रविवारी एकजण 'शेपूट' असतो. शेपटीने सगळ्यात हळू माणसाच्या मागे राहायचं. काही झालं तरी पुढे जायचं नाही. गळ्यात शिटी. बांधावर ठिकठिकाणी उघाड्या आहेत, म्हणजे भरतीला बंद आणि ओहोटीला उघडणारी पाण्याची दारं. प्रत्येक उघाडीशी शेपटीने शिटी मारायची, म्हणजे शेवटचा माणूस ठीक आहे. पुढच्यांनी "होऽऽ" करून उत्तर द्यायचं. शिटी आली नाही तर सगळे थांबतात.

"आमच्यात पहिला कोण आला ते कुणी विचारत नाही," नीलेशदादा म्हणाला. "शेपूट आली का, एवढंच विचारतात."

मी घरी उड्या मारत आले. आई मात्र कडक. "एकदा येईन. पन मागं टाकलात, तर परत माझ्यासमोर धावन्याचं नाव न्हाय काढायचं. शुगरचं काय व्हायचं ते हूंदे."

डिसेंबरचा रविवार होता. उजाडलं होतं, पण धुकं असं की हात लांब केला तर बोटं पुसट. फोन वगैरे सामान नेहमीप्रमाणे एका पिशवीत घालून टेंपोतून पुढे जेट्टीवर पाठवलं, कारण धावणं तिथेच संपतं. त्या दिवशी शेपूट होती फरहीन, आमच्यातली सगळ्यात बडबडी. तिने आईचा हात धरला. "आंटी, टेन्शन मत लो. तुमच्या मागे मी आहे. गप्पा मारत जाऊ."

आई खूश. मला म्हणाली, "तू जा पुढं. माझ्या बाजूला लोंबकलू नको."

मी गेले. आणि काय धावले! दोन्हीकडे पाणी, पाण्यावर धूर तरंगावा तसं धुकं, पुढच्याच्या बुटांचा चिखलात चपक-चपक आवाज. पहिल्या उघाडीशी मागून शिटी आली. लांब, स्वच्छ. आम्ही सगळे ओरडलो, "होऽऽ!" माझ्या अंगावर काटा आला — आनंदाचा. माझी आई येतेय! पुढच्या उघाडीशी पुन्हा शिटी. त्याच्या पुढच्या उघाडीशीही. एकही चुकली नाही. जेट्टीवर पोचलो तेव्हा मी घामाने निथळत होते आणि हसत होते. टपरीवर चहा-बनपाव सांगितला. आईसाठी बिनसाखरेचा.

आणि तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने स्कूटर आली. फरहीन. पायाला क्रेप बँडेज.

"क्या यार, मेसेज नाय बघितला कोणी?" ती चिडलेलीच होती. "सुरुवातीलाच गाडीशी पाणी ठेवायला वळले आणि पाय मुरगळला. हाक मारली तर तुम्ही सगळे धुक्यात गायब! माझा फोन डिकीतच होता, ग्रुपवर टाकलं ना, शेपूट कोणीतरी दुसरं राहा म्हणून. आंटी कुठेय?"

पिशवीतले फोन अजून कुणी काढलेसुद्धा नव्हते. नीलेशदादाच्या हातातला चहा तसाच राहिला. आम्ही सगळे फरहीनच्या गळ्याकडे बघत होतो. लाल शिटी तिथेच लटकत होती.

"मग शिट्या कोणी मारल्या?" कुणीतरी विचारलं.

मी थांबले नाही. माझ्या डोक्यात शिटी नव्हती, आई होती. गोळी घेतलेली, पोटात एक केळं, बांध ओला, खाली उधाणाची भरती. आणि ती एकटी. ज्या एका गोष्टीची तिने अट घातली होती तीच आम्ही केली होती! धुक्यात मी "आईऽ, आईऽ" ओरडत आल्या वाटेने परत धावत सुटले. नीलेशदादा माझ्या मागे.

ती समोरून आली. धुक्यातून आधी हसणं ऐकू आलं, मग ती दिसली. तोंड लाल, ओढणी कमरेला खोचलेली.

"अगो, काय झालं? कोन मेलं का?"

मी तिला मिठीच मारली. "आई, तू एकटी... सॉरी गं, फरहीन नव्हती मागे, आम्हाला माहीतच..."

"एकटी कशी? ती व्हती ना." आईने मागे वळून बघितलं. "अरे? आत्ता तर व्हती. कुटं गेली?"

"फरहीन?"

"ती न्हाय गो. ती कुटं आली? दुसरी पोरगी. डोक्याला रुमाल बांधलेली. पूर्न टाईम माझ्या मागं. भारी सबावाची! माझ्या लावनीचं इचारत व्हती. कोनचं बी लावता, खारं पानी घुसलं तर काय करता. म्हनाली, पान्याकडं नको बघू, बांधाकडं बघ."

नीलेशदादा तसाच पुढे धावत गेला. बांधाला ना फाटा आहे ना उतरायला वाट. दोन्हीकडे पाणी आणि कमरेएवढा चिखल. तो टोकापर्यंत जाऊन आला. तशी मुलगी कुठेच नव्हती. येताना त्याला एका उघाडीवर जाळं फेकणारा म्हातारा भेटला. तो त्याला घेऊनच आला.

"बाई गेली ना हितून," म्हातारा आईकडे बोट दाखवत म्हणाला. "हीच. एकटीच व्हती. पन बोलत बोलत चालली व्हती. मला वाटलं फोनवर हाय."

"शिटी ऐकली का बाबा?"

"शिटी आयकली की. कानाशी वाजली. मारनारा न्हाय दिसला. धुकं हाय, दादा."

माझं डोकं लगेच कामाला लागलं. सवय आहे. पक्षी असेल. आई घाबरून स्वतःशी बोलली असेल. शुगर कमी झाली की भास होतात, हे मी स्वतः लोकांना सांगते. तेवढ्यात आई म्हणाली, "माझी दोरी सुटली व्हती बुटाची. पडलेच असते. तिनंच बांधली. हात कसलं गार व्हतं गो तिचं... ओलं."

मी खाली बघितलं.

डावा बूट मी बांधलेला होता. माझी नेहमीची फुलपाखराची गाठ. उजव्या बुटाची लेस मात्र वरच्या अगदी शेवटच्या भोकातून आत घेऊन, तिचाच फास करून, त्यातून ओढून आवळलेली होती. टाच सरकू नये म्हणून मुरलेले धावपटू बांधतात तशी. मला ती येत नाही. नीलेशदादाला येत नाही. फरहीनच्या बुटांना लेसच नाही, पट्टी आहे. आणि ती लेस ओली होती, दुसरी कोरडी.

जेट्टीवर पोचल्याबरोबर पिशवीतून फोन काढून मी दोन्ही बुटांचा फोटो काढला. अजून आहे.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे कुणी मला भोळी म्हणायला नको. शुगर तपासली — व्यवस्थित. आईला घरी सांगितलं, वाकून बांधून दाखव. तिने हुश्श करत भाताच्या भाऱ्याची गाठ मारली, जी सोडायला मला कात्री घ्यावी लागली. म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही बांधली का? तो म्हणाला, "ताय, मी जल्मात बूट घातला न्हाय." आसपासच्या सगळ्या क्लबांत विचारलं, त्या रविवारी तुमची कुणी मुलगी बांधावर होती का? नाही. शिटीसारखं ओरडणारा पक्षी आहे हो, पण तो बरोब्बर उघाडी बघून ओरडतो? प्रत्येक उघाडी? आमच्या सोसायटीतले एक काका समजुतीने म्हणाले, "इकडे पूर्वी सगळी शेतंच होती ना, असेल कुणी जुनी." मी त्यांच्यावर इतकी चिडले की त्यांनी लिफ्ट सोडून जिना धरला. असेल कुणी जुनी म्हणे! मेलेली माणसं लेस बांधत नाहीत. हे मी आजही म्हणते, आणि पत्रकावरही छापते.

मग कुणी बांधली? ... नाही माहीत. त्या वेळी बांधावर असलेल्या प्रत्येक माणसाला मी विचारून झालंय. माझ्याकडे उत्तर नाही. आणि उत्तर नसताना उत्तर आहे असं सांगणाऱ्यांशीच तर माझं भांडण आहे, मग मी तरी ते का करू?

त्या आठवड्यात क्लबमध्ये दोन गट पडले. काहीजण म्हणाले रस्ता बदलू. नीलेशदादा आमच्याकडे आला, आईसमोर खाली मान घालून बसला आणि म्हणाला, "काकू, चूक आमची. तुम्ही नाही आलात तरी आम्ही समजू." तिची अट मला पाठ होती.

आईने त्याच्यापुढे घावन ठेवलं.

"रस्ता कशाला बदलायचा? मला कुटं कोनी मागं टाकली? खा आधी."

तेव्हापासून ती एकही रविवार चुकलेली नाही. आता मी तिच्या बाजूनेच धावते आणि सारखी मागे बघते. तिला त्याचा राग येतो. परवा न राहवून मी बांधावर पुन्हा विचारलं, "आई, आठव ना जरा. चेहरा कसा होता? कोण असेल गं ती?"

आई धापा टाकत होती, पण थांबली नाही.

"तुला उत्तर पायजे बाय. मला रविवार पायजे. पाय उचल, पुढची थांबल्यात आपल्यासाठी."