पाठ पुसायची राहिली

मार्गासनीच्या बनाबाईंना गप्प बसवायला निघालेला माणूस आधी स्वतःच दमून झोपतो. भाकरी थापताना त्या म्हशीला दटावतात, म्हशीचं दूध काढताना शेजारच्या मंगलला सल्ला देतात, आणि देवापुढं हात जोडले की त्यालाही मध्येच थांबवून कुकर बघून येतात.

नवरा सावळाराम लकव्यानं तीन वर्षं खाटेवर होते. गेल्या कार्तिकात ते गेले, आणि बाईंचा वेग दुप्पट झाला. एकच अंगण दिवसातून चारदा झाडू लागल्या. झोप उडाली. पुण्यात नोकरी करणारी लेक सुलक्षणा घाबरली. तिनं आईच्या मोबाईलवर ध्यानाचं रेकॉर्डिंग टाकून दिलं. त्यातली बाई सांगेल तसं अंगाच्या एकेका भागाकडं लक्ष द्यायचं, म्हणजे मन शांत होतं.

"डोळे अलगद मिटा," मोबाईलमधली बाई मधाळ आवाजात म्हणाली.

"मिटते की. दम धर जरा," बनाबाई म्हणाल्या.

"मनातले विचार ढगांसारखे जाऊ द्या."

"कोन जाऊ देतंय? आत्ता तर आल्यात."

पहिल्या दिवशी ध्यान इथंच मोडलं. पण आठवड्याभरानं मंगलचा फोन आला. "सुलक्षणे, तुझी आई दुपारची ईस मिन्टं गप बसती. मला तर बाई भ्याव वाटाय लागलंय."

सुलक्षणा ऑफिसात पेढे वाटायचीच बाकी राहिली. रविवारी ती कौतुकानं गावी आली.

बनाबाई खाटेशेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. "उजव्या पायाच्या अंगठ्याकडं लक्ष द्या," मोबाईल म्हणाला. बाईंचे दोन्ही हात रिकाम्या खाटेच्या पायथ्याशी गेले आणि सतरंजीवरून हळूहळू फिरू लागले. टाच, पोटरी, गुडघा. आवाज सांगेल तसे हात वर सरकत होते.

"आये, ती तुझ्या अंगाचं सांगतीय."

"माझ्या अंगाला काय धाड भरलीय?" बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "शिकलेली दिसती. पायापासनं सुरवात करती. मीपन तसंच अंग पुसायची त्येंचं."

रेकॉर्डिंग कपाळापर्यंत पोचलं. "आता हळूहळू डोळे उघडा."

बाईंनी ते आणखी घट्ट मिटले. "बंद कर ते!"

"का गं?"

"पाठ पुसायची ऱ्हायली. रोज इसरती ही. तीन वर्सं पडून व्हते, पन पाठीला एक जखम हू दिली न्हाई म्या. भोरच्या डाक्टरनी हात जोडलं व्हतं मला. आन् ही म्हनती डोळं उघडा. पाठ तशीच टाकून कशी उघडू?"

सुलक्षणानं मोबाईल बंद केला. त्या तीन वर्षांत ती सणासुदीला यायची, बापाला फळं कापून द्यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. पाठ तिनं कधी पाहिलीच नव्हती. ती खाटेच्या पलीकडं जाऊन बसली.

"सांग मला. कशी पुसायची?"

"आदी कुशीवर घे. मानंखाली हात घाल. वढू नगंस."

"घेतलं."

"कोमट पान्याचं फडकं घे. मनक्यावर जोर नगं. आता कोरडी कर. पावडर लाव."

सुलक्षणाचे हात सतरंजीवरून फिरत राहिले.

"झाली, आये. जखम न्हाई कुठं."

"नीट बगितलंस?"

"व्हय."

बनाबाईंनी डोळे उघडले. खाटेवर लेकीचे दोन हात होते, बाकी काही नव्हतं.

"त्ये गेले व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आये."