मऊ शिशाची गोळी

जरा जवळ सरक गं पोरी, शेजारच्या बांधावरून लग्न होऊन गेलीस ती वर्ष वर्ष तोंड दाखवत नाहीस, ही काय रीत झाली? आज दारात हंड्याला डाख लावणारा बसला होता, वितळलेल्या शिशाचा वास आला आणि मला शिनोलीच्या आपल्या याच अंगणातली जुनी गोष्ट आठवली. रानडुकरांनी भुईमूग पार उकरून टाकला होता. सासऱ्यांकडं राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, गोळ्या घरीच ओतायच्या. दिरानं जुन्नरच्या भंगारवाल्या चाचांकडून बॅटरीचं कडक शिसं आणलं. “आबा, चाचा म्हणलं, याची गोळी डुकरातनं आरपार जाती.” सासऱ्यांनी शिशावर अंगठ्याचं नख ओढून पाहिलं, नख उमटलं नाही. “आरपार जाऊन पुढं कुठं जाती राव?” असं म्हणून त्यांनी बांधापलीकडं बोट दाखवलं. तिथं तुमचं खोपट, दारात तुझी आई शेंगा निवडत बसलेली, आणि आंब्याला लुगड्याची झोळी हलत होती. सासऱ्यांनी जुन्या पाइपाचं मऊ शिसं पळीत टाकलं. त्याची गोळी डुकराच्या अंगातच चपटी होऊन बसते. दीर कुरकुरला, “अन् तेवढ्यानं डुक्कर मेलं न्हाई, पळालं म्हंजे?” “पळू दे. भुईमूग परत पेरू आपण.” डुकरं पळालीच, निम्मं पीक गेलं. त्या झोळीत तू होतीस गं. आंबा अजून उभा आहे, पुढच्या खेपेला तुझ्या बाळालाही घेऊन लवकर ये, त्याच फांदीला झोळी बांधू.